नमुना, गाभा आणि गाळ : मुंबई उपनगरांलगतच्या उथळ समुद्रतळातील गाळस्तंभ-संकलनाची चिकित्सा

प्रस्तावना

मुंबई उपनगरांचा भूगोल शिकविताना आपण बहुधा जमिनीच्या कडेपाशी थांबतो. साष्टी बेटाच्या पूर्वेस मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर ही उपनगरे ठाणे खाडीच्या काठी वसली. पश्चिमेस अंधेरी, मालाड, बोरिवलीची वस्ती वर्सोवा, मालाड आणि मनोरी-गोराईच्या खाड्यांना जाऊन भिडली. या खाड्यांचा व त्यांपुढील उथळ समुद्राचा तळ मात्र आपल्या अध्यापनात क्वचितच येतो. वास्तविक या शहराने गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जे जे पाण्यात सोडले, त्याचा मोठा भाग याच तळावर थराथराने साचलेला आहे. तळात नळी उभी खुपसून हा साठा जसाच्या तसा वर काढणे म्हणजे सागरविज्ञानाच्या भाषेत ‘कोअर’ घेणे होय. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘गाळस्तंभ’ हा शब्द वापरला आहे.

गाळस्तंभांच्या विश्लेषणातून कोणते निष्कर्ष निघाले, याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू नाही. असे आढावे उपलब्ध आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो स्तंभ गोळा करण्याच्या क्रियेचा, आणि ही क्रिया लेखनातून कशी लुप्त होत जाते याचा. गाळस्तंभ हा निसर्गाने लिहून ठेवलेला दस्तऐवज आहे, अशी भाषा आपण सहजपणे वापरतो. परंतु दस्तऐवज दप्तरखान्यातून काढताना त्याची काही पाने गळाली, काही चिकटली, काही उलटीसुलटी झाली, तर इतिहासाचा अभ्यासक त्याची नोंद केल्याशिवाय पुढे जात नाही. ही शिस्त गाळाच्या बाबतीत सैल पडते, आणि तिचे परिणाम केवळ शास्त्रीय राहत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

शब्दांची अडचण

प्रथम परिभाषेकडे वळू. मराठीत ‘नमुना’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक, मोठ्या राशीतून काढलेला लहानसा अंश. दुसरा, अनुकरणीय आदर्श. (तिसरा, एखाद्या विक्षिप्त माणसाला उद्देशून वापरला जाणारा, येथे अप्रस्तुत आहे, पण वर्गात तोच आधी आठवतो.) पहिल्या अर्थात दुसऱ्याची छाया नकळत मिसळते. खाडीतून काढलेली एक नळी ‘नमुना’ ठरली की ती साऱ्या खाडीची प्रतिनिधी आहे, हे जणू शब्दानेच मान्य करून टाकलेले असते. ठाणे खाडीची लांबी सुमारे २६ किलोमीटर आहे. तिच्या उत्तर टोकाचा अरुंद, चिखलाने भरत चाललेला भाग आणि दक्षिणेस बंदराकडे उघडणारा रुंद भाग यांत पाण्याचा वेग, क्षारता व गाळाचा पोत ही सारीच भिन्न आहेत. तेथे एका नळीने प्रतिनिधित्व कोणाचे करावे?

‘गाभा’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. शालेय पुस्तकांपासून आपण भूकवच, प्रावरण आणि गाभा ही त्रयी शिकवितो. त्यामुळे ‘गाभा नमुना’ असे म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर पृथ्वीचे केंद्र उभे राहते, आणि प्रत्यक्षात दाखवायचा असतो वीतभर किंवा हातभर चिखल. राहिला ‘गाळ’. या शब्दात टाकाऊपणा मुरलेला आहे. गाळून उरतो तो गाळ, आणि वगळले ते ‘गाळले’. परीक्षेतील ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न आपण सर्वांनी सोडविला आहे. गाळाच्या अभ्यासातही नेमके हेच काम करावे लागते. फरक इतकाच की कोणत्या जागा गाळल्या गेल्या आहेत, हे येथे छापील रेघेने दाखविलेले नसते.

नळी आणि तळ

उथळ समुद्रतळातून नमुना काढण्याच्या पद्धती अनेक आहेत. सर्वांत सोपी म्हणजे दोन जबड्यांची पकड. डच अभियंता योहान व्हॅन व्हीन याच्या नावाने ओळखली जाणारी ही पकड १९३० च्या दशकात प्रचारात आली आणि आजही लहान होडीवरून काम करणाऱ्यांची ती पहिली निवड असते. ती तळावर आदळून मिटते आणि वरचा काही सेंटिमीटरचा चिखल ओरबाडून आणते. थरांचा क्रम तिच्यात टिकत नाही. कालचा व वीस वर्षांपूर्वीचा गाळ एकाच पिशवीत एकजीव होतो. तळावरील जीवांच्या गणनेसाठी ती योग्य आहे. काळाचा मागोवा घेण्यासाठी निरुपयोगी. तरीही एखाद्या अहवालातील ‘गाळाची गुणवत्ता’ या मथळ्याखालील कोष्टक पकडीच्या नमुन्यांवर आधारलेले आहे की स्तंभावर, हे अनेकदा तळटिपेतही सापडत नाही.

स्तंभ काढण्यासाठी वजनाने खाली जाणारी नळी, कंप देऊन रुतविलेली नळी, चौकोनी पेटी, किंवा ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात हाताने दाबलेली साधी पीव्हीसी नळी वापरतात. खोल समुद्रासाठी स्वीडनच्या बोर्ये कुलेनबर्ग याने १९४० च्या दशकात दट्ट्याची नळी विकसित केली. तिच्यामुळे कित्येक मीटर लांबीचे अखंड स्तंभ मिळू लागले आणि ‘समुद्रतळ म्हणजे पृथ्वीची बखर’ ही कल्पना रूढ झाली. आपल्या खाड्यांत मात्र काम चालते ते आखूड नळीवर.

आखूड नळीचे दोष समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी आवश्यक ती परवानगी घेऊन पदवी वर्गातील विद्यार्थ्यांसह गोराई खाडीच्या काठी, कांदळवनाच्या बाहेरील उघड्या चिखलात एक प्रयोग केला. बाहेरून ७५ मिलिमीटर आणि आतून ६९ मिलिमीटर व्यासाची, प्लंबरच्या दुकानातून आणलेली नळी ओहोटीच्या वेळी ६० सेंटिमीटर खोल दाबली. वर काढून आतील चिखलाची लांबी मोजली, ती ४३ सेंटिमीटर भरली. खालून काही निसटले नव्हते. बूच घट्ट होते. मग १७ सेंटिमीटर गेले कोठे, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. त्या प्रश्नाचे सरळ उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही.

उत्तर असे आहे. नळी खाली जाताना तिच्या आतील भिंतीशी चिखलाचे घर्षण होते. काही अंतरानंतर आत शिरलेला चिखलच बुचासारखे काम करू लागतो आणि पुढचे मऊ थर आत न शिरता बाजूला ढकलले जातात. काही थर पाणी गमावून दबतात, काही पातळ होतात, काही पूर्णपणे वगळले जातात. म्हणजे ४३ सेंटिमीटरचा स्तंभ हा ६० सेंटिमीटरच्या तळाची सरळ प्रमाणात लहान केलेली प्रत नसते. कोणता थर किती आक्रसला, हे नळीकडे पाहून सांगता येत नाही. मृदा-अभियांत्रिकीत हा दोष जुना व सुपरिचित आहे. यूल ह्वोर्सलेव्ह याने १९४९ च्या ग्रंथात नळीच्या जाडीचे क्षेत्रफळ व आतील पोकळीचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर मांडले आणि नमुना अविचल राहण्यासाठी ते सुमारे १० टक्क्यांपेक्षा कमी असावे असे सुचविले. आमच्या नळीचे गुणोत्तर १८ टक्के येते. प्लंबरच्या नळीने इतिहास काढायला गेल्यावर दुसरे काय व्हावे!

दुसरा दोष वरच्या टोकाचा. वजनदार नळी तळाजवळ येते तेव्हा तिच्यापुढे पाण्याची एक लाट धावते आणि तळावरचा सर्वांत ताजा, पिठासारखा मऊ थर उडवून लावते. नळी वर आली की चिखल व्यवस्थित दिसतो, पण गेल्या दोन-चार वर्षांचे पान फाटलेले असते. गंमत अशी, की प्रदूषण नियंत्रणाचे उपाय सफल झाले की नाही, हे ज्या थरावरून कळावयाचे तोच थर सर्वांत आधी नष्ट होतो. नळीतील चिखलावर स्वच्छ, न ढवळलेले पाणी उभे आहे की गढूळ, एवढी साधी नोंद केली तरी हा दोष ओळखता येतो.

तिसरा घटक माणसाचा नाही. ओहोटीच्या चिखलात निवट्या उड्या मारताना कोणीही पाहिल्या असतील. त्यांची बिळे, चिंबोऱ्यांची बिळे, पॉलिकीट कृमींच्या नळ्या यांमुळे वरचे काही सेंटिमीटर सतत खालीवर होत राहतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी व इतर नद्यांनी त्या दिवशी खाडीमुखांशी आणून टाकलेला गाळ हा काळाची खूण म्हणून फार उपयोगी ठरावा. परंतु निवट्या, कृमी आणि त्यानंतरचा गाळउपसा यांच्या तडाख्यातून तो थर एखाद्या जागी तग धरून असेल, तर ती जागा शोधावी लागेल. कोठेही नळी खुपसून तो हाती लागणार नाही.

तानसाहून ठाणे खाडीकडे

स्तंभातील थरांना वर्षे कशी लावतात, हा या विषयाचा सर्वांत आकर्षक भाग आहे, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. वातावरणातून पडणाऱ्या शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे. थर जितका जुना, तितके ते कमी. या तत्त्वावर शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचा गाळ कालांकित करता येतो. एडवर्ड गोल्डबर्ग याने १९६३ मध्ये ही कल्पना मांडली. सरोवरांच्या गाळाला ती लावून दाखविणारा महत्त्वाचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. कृष्णस्वामी व देवेंद्र लाल यांनी दोन फ्रेंच सहकाऱ्यांसमवेत लिहिलेला. त्यात अभ्यासलेल्या तीन सरोवरांपैकी एक तानसा होते. ज्या तानसाची जलवाहिनी मुलुंड, भांडुप, घाटकोपरमधून जाते, तेच. आपल्या विद्यार्थ्यांना ही वाहिनी ठाऊक असते; तिच्या उगमाशी असलेल्या गाळाने जगाच्या भूकालगणनेस हातभार लावला, हे मात्र त्यांना आपण सांगत नाही.

परंतु सरोवर आणि खाडी यांत मूलभूत अंतर आहे. तानसात गाळ शांतपणे खाली बसतो. खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. एकदा बसलेला गाळ पुन्हा उचलला जातो, दुसरीकडे नेला जातो, पुन्हा बसतो. पुरवठा स्थिर आहे, असे गृहीत धरणारी कालगणनेची प्रतिमाने येथे ताणली जातात. म्हणून दुसरा पुरावा हवा. जगभर यासाठी सीझियम-१३७ वापरतात, कारण वातावरणातील अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण शिखरास पोहोचले होते. मुंबई बंदर व ठाणे खाडीच्या परिसरात मात्र ट्रॉम्बे येथील अणुकेंद्राच्या नियंत्रित सांडपाण्याचाही त्यात अंश असू शकतो. त्यामुळे १९६३ ची खूण येथे डोळे मिटून वापरता येत नाही. जगात जे घड्याळ चालते, त्याचे काटे आपल्या खाडीत स्थानिक कारणांनी हललेले असतात.

या मर्यादांची जाणीव ठेवून काम झालेलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ मध्ये झाली आणि तिचे मुंबई प्रादेशिक केंद्र अंधेरी पश्चिमेस आहे. या संस्थेतील शर्मा, बोरोळे व झिंगडे यांनी मुंबईसमोरील किनाऱ्यालगतच्या व उतारावरील गाळातील सूक्ष्म मूलद्रव्यांचा शिसे-२१० च्या आधारे केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातील झा व सहकाऱ्यांनी ठाणे खाडीत पारा व निकेल साचत गेल्याचा इतिहास याच पद्धतीने मांडला. २००३ मध्ये राम, रोकडे, बोरोळे व झिंगडे यांचा उल्हास नदीमुखातील पाऱ्यावरील निबंध आला. या निबंधांत संकलनाचा परिच्छेद असतो. तो रुक्ष असतो, आणि वाचक त्यावरून उडी मारून आलेखाकडे जातो.

दोष सुरू होतो तो त्या उडीनंतर. मूळ निबंधातील आकडा दुय्यम लेखनात उतरतो; तेथून प्रबंधात, प्रकल्प अहवालात, वृत्तपत्रीय लेखात जातो. प्रत्येक पायरीवर संकलनाचा एकेक तपशील गळतो. प्रथम नळीचा प्रकार जातो, मग महिना, मग खोली, आणि शेवटी उरते ‘ठाणे खाडीच्या गाळात अमुक धातूचे प्रमाण इतके’ असे कालातीत विधान. प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या एम.फिल. प्रबंधिकेत असे एक विधान आहे. मौखिक परीक्षेत त्याविषयी कोणी विचारले नाही, आणि ते आजही ग्रंथालयात आहे. (एम.फिल. ही पदवीच २०२२ च्या नियमावलीने बंद झाल्याने त्या चुकीची परंपरा तरी पुढे जाणार नाही, हे समाधान.)

पार्श्वमान कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाळात तांबे, निकेल, क्रोमियम सापडले म्हणजे प्रदूषण झाले, असे थेट म्हणता येत नाही. ते ‘नैसर्गिक’ प्रमाणाहून किती अधिक आहे, हे पाहावे लागते. यासाठी पुष्कळ लेखक ट्युरेकियन व वेडेपोल यांच्या १९६१ च्या कोष्टकातील सरासरी शेल खडकाची मूल्ये घेतात. त्यात तांबे दशलक्षांश ४५ आहे. आपल्या किनाऱ्यावर गाळ येतो तो प्रामुख्याने दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन, आणि त्या बेसॉल्टमध्ये तांबे सर्वसाधारणपणे याच्या दुपटीहून अधिक असते. शेलशी तुलना केल्यास सह्याद्रीतून वाहून आलेली स्वच्छ मातीही दूषित ठरेल. मग कारखानदार उत्तर देतो की हे तर इथल्या खडकाचेच गुण आहेत, आणि हे उत्तर अंशतः खरे असल्याने खोडता येत नाही. पाऱ्याच्या बाबतीत ही पळवाट अरुंद आहे, पण ज्या धातूंचा बेसॉल्टमध्ये मुळातच भरणा आहे, त्यांच्या बाबतीत ती ऐसपैस आहे.

यातून सुटण्याचा मार्ग एकच. त्याच जागी पुरेसा खोल, अविचल स्तंभ घेऊन त्याच्या तळाशी असलेला, औद्योगिक काळापूर्वीचा थर पार्श्वमान म्हणून घ्यावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले ते १९६० च्या दशकापासून. त्यापूर्वीचा थर हाती लागला, तर वाद पुष्कळसा मिटतो. तो आखूड, आक्रसलेल्या नळीत येत नाही, आणि पकडीत तर येऊच शकत नाही. येथे संकलनाची पद्धत हा तांत्रिक तपशील राहत नाही. कोणत्या साधनाने चिखल काढला, यावर ‘पूर्वी’ची व्याख्या ठरते, आणि ‘पूर्वी’च्या व्याख्येवर नुकसानीची.

हे नुकसान कोणाचे, हे वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई येथील कोळीवाड्यांत विचारण्याची गरज पडत नाही. डोल जाळी बांधण्यासाठी हे लोक पिढ्यानुपिढ्या उथळ तळात खुंट ठोकत आले आहेत. कोठे तळ मऊ आहे, कोठे कठीण, कोठे पूर्वी खुंट धरत असे आणि आता रुततो, याचे ज्ञान त्यांच्याकडे असते. समुद्रतळाची उभी चाचणी घेणारे पहिले लोक तेच होत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पण प्रकल्पाच्या जनसुनावणीत मासळी कमी झाल्याची त्यांची तक्रार ही ‘भावना’ म्हणून नोंदली जाते आणि अहवालातील कोष्टक ‘वस्तुस्थिती’ म्हणून. त्या कोष्टकामागे किती नळ्या आहेत? २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत आधारभूत माहिती पावसाळा वगळून एका हंगामाची घेण्याची तरतूद आहे. होड्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. परंतु आपल्या किनाऱ्यावर नद्यांचा गाळ मुख्यतः पावसाळ्यातच येतो आणि तळ सर्वाधिक ढवळला जातो तोही तेव्हाच. उन्हाळ्यातील स्थिर तळाचे एक चित्र काढून त्यास ‘मूळ स्थिती’ म्हणणे म्हणजे आधीच दूषित झालेल्या थराला मूळपणाचे प्रमाणपत्र देणे होय. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली याने १९९५ मध्ये मत्स्यसाठ्यांसंदर्भात सरकत्या आधाररेषेची संकल्पना मांडली. गाळाच्या बाबतीत ही रेषा सरकत नाही, ती हाताने सरकविली जाते, असे म्हणावेसे वाटते.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर क्षेत्रांच्या यादीत गेला. पक्ष्यांच्या गणनेकडे त्यामुळे योग्य ते लक्ष जाते. ते पक्षी ज्या चिखलात चोच घालतात, त्या चिखलाची मात्र अशी नियमित, एकाच जागी, एकाच साधनाने होणारी आणि सर्वांस पाहता येणारी नोंद असावयास हवी.

एक उपेक्षित साठाही येथे नमूद केला पाहिजे. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूसारख्या कामांसाठी समुद्रतळात विंधनछिद्रे घेतली जातात. अभियंत्याला हवा असतो पायासाठी खडक. वरचा मऊ चिखल हा त्याच्या दृष्टीने अडथळा असतो. प्रमाण प्रवेशन चाचणीत तो ठोक्यांनी विस्कटतो. अहवालात ‘काळसर मऊ सागरी चिकणमाती’ अशा एका ओळीत त्याची बोळवण होते आणि कठीण खडकाचे गाभे तेवढे लाकडी पेट्यांत क्रमांक घालून जपले जातात. पर्यावरणाच्या अभ्यासकाला जे हवे, ते अभियंत्याच्या होडीवरून परत पाण्यात जाते. त्याच छिद्राशेजारी पातळ भिंतीची एक नळी आधी उतरविण्यास वेळ फारसा लागत नाही, आणि होडी तर तेथे उभीच असते. अशा कामाच्या निविदेत ही अट घालता येईल. ती घालण्यास कोणत्या खात्याने सांगावयाचे, एवढेच ठरावयाचे आहे.

आमच्या विभागात गोराईच्या त्या प्रयोगानंतर एक वही ठेवली आहे. प्रत्येक नळीसाठी तीत तारीख, भरतीची वेळ, नळीचा आतील व बाहेरील व्यास, किती खोल दाबली, किती लांबीचा चिखल मिळाला, वरचे पाणी स्वच्छ की गढूळ, जवळ बिळे होती का, आणि नळी कोणी दाबली, हे लिहावयाचे. आजवर अकरा नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी दाबलेल्या खोलीएवढा चिखल एकाही नळीत आलेला नाही.